वरून बोलावणं

आपल्याकडे 'वरून बोलावणं आलं' असं म्हटलं की घरात रडारड सुरू होते. अमेरिकेतल्या बेसबॉलपटूच्या घरीही या बातमीने डोळ्यांत पाणी येतं, पण ते आनंदाचं. खालच्या लीगमध्ये रात्र रात्र बसने प्रवास करणाऱ्या पोराला एके दिवशी मॅनेजर खोलीत बोलावतो आणि सांगतो, 'बॅग भर, उद्या तुला मोठ्या लीगमध्ये खेळायचंय.' मग आई-वडील मिळेल ते विमान पकडून निघतात.

शिकागोजवळ राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीचा मुलगा चौदा वर्षांचा आहे आणि बेसबॉलचा वेडा. परवा फोनवर त्याने मला विचारलं, "मावशी, प्लेअर रेडी आहे हे ठरवतं कोण?" मी म्हटलं, कोच. तो हसला. त्या हसण्याचा अर्थ लावता लावता हा लेख झाला.

आधी रचना समजून घेऊ. मेजर लीगमध्ये 30 संघ. प्रत्येकाच्या हाताखाली मायनर लीगचे चार मुख्य संघ: सिंगल ए, हाय ए, डबल ए आणि ट्रिपल ए. ढोबळपणे आपली रणजी म्हणा, पण चार मजली, आणि कुठल्या मजल्यावर कोण राहणार हे वरचा मालक संघ ठरवणार. आपला सचिन 15व्या वर्षी रणजी खेळला आणि 16व्या वर्षी कराचीत कसोटी. बेसबॉलमध्ये असं जवळजवळ होतच नाही. अठराव्या वर्षी निवडलेला गुणी मुलगासुद्धा दोन-चार वर्षं जिने चढत असतो. बहुतेकांचा जिना मध्येच संपतो. तुमच्यापैकी काहींनी 'मिलियन डॉलर आर्म' हा सिनेमा पाहिला असेल. उत्तर प्रदेशातले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे दोन भालाफेकपटू 2008 मध्ये एका टीव्ही स्पर्धेतून निवडले गेले आणि पिट्सबर्ग पायरेट्सने त्यांना करारबद्ध केलं. सिनेमा तिथे संपतो. पुढे दिनेश दोन हंगामांनी परतला, रिंकू सिंगल एपर्यंत पोचला. वरून बोलावणं दोघांनाही आलं नाही.

ज्यांना येतं, त्यांचं काय होतं? यासाठी 1951 सालच्या न्यूयॉर्कला जायला हवं.

विली मेज तेव्हा 20 वर्षांचा होता. जायंट्स संघाने त्याला मिनियापोलिसच्या संघात ठेवलं होतं आणि तिथे तो दर शंभर प्रयत्नांत जवळपास 48 वेळा यशस्वी होत होता. या खेळात शंभरात तीस म्हणजे उत्तम, यावरून अंदाज घ्या. मे महिन्यात संघ आयोवातल्या सू सिटी गावात असताना तो सिनेमा बघत बसला होता. मध्येच दिवे लागले आणि कोणीतरी विचारलं, 'विली मेज इथे आहे का?' त्याला फोनवर बोलावलं होतं. पलीकडे जायंट्सचे मॅनेजर लिओ ड्युरोशर होते. आणि हा मुलगा चक्क नाही म्हणाला. मोठ्या लीगमधल्या गोलंदाजांपुढे माझा निभाव लागणार नाही, असं त्याचं म्हणणं. ड्युरोशर यांनी त्याला त्याचाच आकडा विचारला आणि म्हणाले, याच्या निम्म्याने खेळलास तरी मला चालेल.

तो गेला. पहिल्या 26 प्रयत्नांत त्याला एकदाच यश आलं. तो एक फटका होमरन होता हे खरं, पण बाकी सगळा शुकशुकाट. ड्रेसिंग रूममध्ये बसून तो रडला आणि मला परत पाठवा म्हणाला. ड्युरोशर यांनी सांगितलं, मी इथला मॅनेजर आहे तोवर सेंटर फील्डला तूच खेळणार. त्या वर्षीचा सर्वोत्तम नवोदित विली मेज ठरला. (इकडे मिनियापोलिसचे लोक इतके खट्टू झाले की जायंट्सच्या मालकाला तिथल्या वर्तमानपत्रात जाहिरात देऊन त्यांची समजूत काढावी लागली.)

त्याच वर्षी, त्याच शहरात यँकीज संघाने 19 वर्षांच्या मिकी मँटलला थेट वर आणलं होतं. आदल्या वर्षी तो खूपच खालच्या दर्जाच्या लीगमध्ये होता, मधले मजले त्याने बघितलेच नव्हते. सरावाच्या सामन्यांत त्याने असा काही धुमाकूळ घातला की त्याला खाली ठेवणं मूर्खपणा वाटला असता. जुलैपर्यंत तो इतका चाचपडायला लागला की त्याला कॅन्सस सिटीला पाठवलं. तिथेही काही जमेना, तेव्हा त्याने वडिलांना फोन केला. वडील ओक्लाहोमातल्या शिसं-जस्ताच्या खाणीत काम करणारे. ते गाडी चालवत हॉटेलवर आले. पोराला वाटलं, आता जवळ घेतील. त्यांनी त्याची बॅग काढली आणि कपडे भरायला सुरुवात केली: चल, नसेल झेपत तर माझ्याबरोबर खाणीत काम कर.

मँटल थांबला. कॅन्सस सिटीत 40 सामन्यांत 11 होमरन मारून ऑगस्टअखेर तो परत वर आला आणि पुढे 18 हंगाम यँकीजकडूनच खेळला. त्या बापाचं वागणं योग्य होतं का, यावर आमच्या घरी दोन तट पडले. मला विचाराल तर आज असं कोणी करू नये. पुढच्याच वर्षी आजाराने ते गेले.

एकाला खाली पाठवलं, एकाला वर ठेवलं, दोघेही महान झाले. मग बरोबर निर्णय कोणाचा? दोघांचाही, असं मला वाटतं, कारण दोन्हीकडे प्रश्न मुलाचाच होता. गेल्या काही दशकांत त्यात दुसराच प्रश्न मिसळला आणि माझा भाचा हसला तो त्यामुळे.

नियम असा, की मेजर लीगमध्ये सहा वर्षं भरली की खेळाडू मोकळा, हव्या त्या संघाशी हवा तो भाव ठरवायला. पहिली साधारण तीन वर्षं तो किमान पगाराच्या आसपास खेळतो, त्यानंतर लवादाच्या मदतीने थोडा वाढतो, खरा पैसा सहा वर्षांनंतर. आणि एक वर्ष म्हणजे 172 दिवस. हंगाम त्याहून थोडाच मोठा असतो. म्हणजे सुरुवातीचे पंधराएक दिवस मुलाला खाली ठेवलं, की त्याचं वर्ष भरत नाही आणि तो संघाला जवळपास एक पूर्ण हंगाम जास्त मिळतो.

2015 मध्ये शिकागो कब्जने क्रिस ब्रायंटच्या बाबतीत हेच केलं. आदल्या वर्षी मायनरमध्ये त्याने 43 होमरन मारले होते. हंगामापूर्वीच्या सराव सामन्यांत 9, दोन्ही लीगमध्ये सर्वांत जास्त. तरी त्याला ट्रिपल एला पाठवलं. कारण सांगितलं, क्षेत्ररक्षण अजून सुधारायला हवं. 17 एप्रिलला ते सुधारलं असावं, कारण त्या दिवशी त्याला बोलावलं. हंगामअखेर त्याचे दिवस भरले 171. एक दिवस कमी!

त्या वर्षी तो एकमताने सर्वोत्तम नवोदित ठरला. पुढच्या वर्षी लीगचा सर्वोत्तम खेळाडू, आणि कब्जने 108 वर्षांनी वर्ल्ड सिरीज जिंकली. शेवटचा चेंडू ब्रायंटनेच उचलून फेकला. त्या एका दिवसासाठी त्याने तक्रार दाखल केली आणि 2020 मध्ये लवादाने निकाल संघाच्या बाजूने दिला. गंमत पुढेच आहे. ज्या जादा वर्षासाठी हा खटाटोप केला, त्या 2021 च्या मध्यावर कब्जने त्याला सॅन फ्रान्सिस्कोला देऊन टाकलं. आणि ब्रायंटचंही नुकसान झालं म्हणावं, तर तो एक दिवस मिळाला असता तर तो करोनाच्या 2020 नंतर, अत्यंत वाईट हंगामानंतर बाजारात उभा राहिला असता. वर्षभर उशिरा उभा राहिला आणि कोलोरॅडोकडून सात वर्षांचे 18 कोटी 20 लाख डॉलर घेऊन गेला. मग दुखापतींनी घेरलं. कॅलेंडर बघून केलेला एवढा काटेकोर हिशेब, कोणालाच नीट लाभला नाही.

2022 च्या नव्या करारात यावर तोडगा काढला गेला. नवोदितांच्या मतदानात पहिला किंवा दुसरा आलेल्याला, तो उशिरा आला तरी पूर्ण वर्ष मिळतं. आणि गुणी मुलाला पहिल्यापासून वर ठेवणाऱ्या संघाला, तो चमकला तर, नव्या खेळाडूंच्या निवडीत एक जादा संधी. सिएटलने त्याच वर्षी हुलियो रॉड्रिगेझला पहिल्या दिवसापासून खेळवलं आणि ही संधी मिळवली. रिंकू-दिनेशच्याच पायरेट्सने पॉल स्कीन्सला 2024 मध्ये थेट 11 मे रोजी आणलं. तो सर्वोत्तम नवोदित ठरला आणि त्याला वर्ष पूर्ण मिळालं.

म्हणजे आता लबाडीचा फायदा कमी. पण त्यामुळे मूळचा अवघड प्रश्न सुटला, असं समजू नका. जॅक्सन हॉलिडेचं बघा. वडील मॅट स्वतः मेजर लीगमधले नावाजलेले, पण ते वर आले 24व्या वर्षी. मुलगा 2022 मध्ये देशात सर्वांत आधी निवडला गेला, एका वर्षात चारही मजले चढला आणि 10 एप्रिल 2024 ला, 20व्या वर्षी बाल्टिमोर ओरिओल्सकडून उतरला. खालच्या सगळ्या परीक्षांत पहिला. वर दहा सामन्यांत 34 प्रयत्न, 2 यशस्वी, 18 वेळा स्ट्राइकआउट. दोन आठवड्यांत परत खाली.

खालच्या मजल्यावरून वरचा दिसत नाही, हेच यातलं दुखणं. साठ फुटांवरून दीडशेच्या वेगाने सुटलेला चेंडू सुमारे 0.4 सेकंदात येतो, आणि वरचे गोलंदाज तुमची एक उणीव सापडली की रोज तिथेच टाकतात. ते खाली शिकवता येत नाही. म्हणून माझं मत मी भाच्याला सांगितलं: लवकर बोलवा, पण त्याच्या पहिल्या 26 प्रयत्नांचं काय करायचं हे आधी ठरवून ठेवा. तो म्हणाला, "मावशी, पण ओनर्सना तेवढा पेशन्स कुठे असतो?" चौदा वर्षांचा आहे!

हॉलिडे त्याच वर्षी 31 जुलैला परत आला. टोरंटोविरुद्ध तीनही बेसवर गडी उभे होते. त्याने चेंडू असा टोलवला की तो मैदान ओलांडून बाहेरच्या यूटॉ स्ट्रीटवर जाऊन पडला. मोठ्या लीगमधला त्याचा हा पहिला होमरन. भाच्याने तो व्हिडिओ मला तेव्हाच पाठवला होता. तेव्हा मी तो न बघताच अंगठा दाखवला होता. परवाच्या फोननंतर शोधून काढला आणि चार वेळा पाहिला.