आराखडा वाचणारे पुढारी

पुणे विद्यापीठाच्या चौकातील दोन उड्डाणपूल जुलै २०२० मध्ये पाडण्यात आले. ते जीर्ण झाले होते म्हणून नव्हे, तर हिंजवडी-शिवाजीनगर मेट्रोच्या आड येत होते म्हणून. जेमतेम दीड दशक वापरलेली वास्तू सार्वजनिक खर्चाने पाडायची आणि त्याच जागी सार्वजनिक खर्चाने दुसरी उभी करायची, हा व्यवहार कोणत्याही गृहस्थाला आपल्या घरात परवडणारा नाही. उड्डाणपुलांना विरोध करणाऱ्या मूठभर संस्था शहरात तेव्हाही होत्या. परंतु या चौकातून वीस वर्षांनी काय जावयाचे आहे, हा साधा प्रश्न पूल बांधतेवेळी आग्रहाने आणि आकडे हाती घेऊन विचारील, असा लोकप्रतिनिधींचा, गृहसंस्थांच्या अध्यक्षांचा किंवा प्रवासी संघटनांच्या कार्यकर्त्यांचा वर्ग मात्र शहरात तयार झालेला नव्हता. तो आजही झालेला नाही, आणि खरी उणीव तेथे आहे.

लोकांना बोलण्याचा अधिकार नाही, अशी तक्रार करता येणार नाही. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाने प्रारूप आराखड्यावर हरकती व सूचना देण्याचा हक्क नागरिकांस दिला. ७४ व्या घटनादुरुस्तीने, म्हणजे १९९३ पासून, दहा लाखांहून अधिक वस्तीच्या महानगर प्रदेशासाठी नियोजन समिती सांगितली आणि तिचे किमान दोन-तृतीयांश सदस्य नगरसेवक व पंचायतींचे अध्यक्ष यांनी आपल्यातून निवडून द्यावेत असे ठरविले. कागदावर याहून अधिक लोकशाही कोणती मागावी? परंतु हक्क बजावण्यासाठी जी विद्या लागते तिची तरतूद कोणत्याच कायद्याने केली नाही. शेकडो पानांचा अहवाल, तोही बहुधा इंग्रजीत, ठराविक मुदतीसाठी कचेरीत मांडून ठेवला की लोकसहभागाचे कलम पुरे झाले, असे मानण्याचा प्रघात पडला. परिणामी येणाऱ्या हरकती बहुतेक एकाच प्रकारच्या असतात: माझी जमीन वगळा, रस्ता पलीकडून न्या. जमीन जाणाऱ्याचे हे दुःख खरेच आहे. पण रस्त्याची गरज आहे काय, बस अधिक स्वस्तात तेच काम करील काय, हे त्या अर्जांतून क्वचितच विचारले जाते. पुणे महापालिकेने २००६-०७ पासून अंदाजपत्रकात नागरिकांच्या सूचना मागविण्याची स्तुत्य प्रथा पाडली, तीही मुख्यतः पदपथ, दिवे, बाके एवढ्यांतच फिरत राहिली. मोठ्या निर्णयांच्या दारापाशी नागरिकाला चपला काढावयास सांगावयाचे आणि आत घ्यावयाचे नाही, असाच हा प्रकार होय.

आत काय चालते, हे एका उदाहरणाने पाहता येईल. कोणत्याही मोठ्या मार्गाच्या समर्थनार्थ लाभ-व्ययाचा हिशेब मांडतात. त्यात लाभाच्या बाजूचा सर्वांत मोठा आकडा पुष्कळदा वाचलेल्या वेळेचा असतो. वेळेला किंमत कोणती लावावयाची? रूढ पद्धत ती प्रवाशाच्या मिळकतीशी जोडते. म्हणजे मोटारीतल्या अधिकाऱ्याची दहा मिनिटे महाग आणि बसथांब्यावर उभ्या असलेल्या मोलकरणीची दहा मिनिटे स्वस्त! या एका गृहीताने उड्डाणपुलाचे पारडे जड होते आणि बसचे हलके. पायी चालणाऱ्याच्या छोट्या फेऱ्या मोजणीतून निसटल्या तर त्याचा रस्ता ओलांडण्यात गेलेला वेळ हिशेबात येतच नाही. येथे कोणी खोटेपणा केलेला नसतो. गृहीत पाठीमागच्या परिशिष्टात छापलेलेही असते. ते परिशिष्ट उघडून ‘सर्वांच्या मिनिटाला एकच भाव लावून हिशेब पुन्हा करा’ असे म्हणणारा नगरसेवक सभागृहात असेल, तर सल्लागाराला उत्तर द्यावे लागेल. त्यासाठी अभियंता व्हावे लागत नाही. अंकगणित पुरते, आणि कोठे पाहावयाचे हे कोणीतरी शिकवावे लागते.

असे शिकविता येते. अमेरिकेतील पोर्टलँड शहरात १९९१ पासून तेथील स्टेट विद्यापीठ व नगरशासन मिळून वाहतुकीचा एक सायंवर्ग चालवीत आले आहेत. शहरातील नागरिकांचे शुल्क नगरशासन भरते. बसव्यवस्था आणि रस्ते सांभाळणारे अधिकारी, तसेच प्रादेशिक शासनाचे (त्याचे नाव ‘मेट्रो’ आहे, पण ती रेल्वे नव्हे, तर लोकांनी निवडलेले मंडळ आहे) प्रतिनिधी तेथे येऊन पैसा कोठून येतो, निर्णय कोणत्या टप्प्यावर होतो, हे सांगतात. विद्यार्थी आपल्याच वस्तीतील एक अडचण निवडतो, तिचा अभ्यास करतो आणि अखेरीस उपाय मांडतो. तथापि हा वर्ग आकाशातून पडला नाही. माउंट हूड नावाचा नियोजित द्रुतमार्ग लोकांच्या विरोधामुळे १९७४ मध्ये रद्द झाला, त्याचा निधी सार्वजनिक वाहतुकीकडे वळला आणि १९८६ मध्ये शहरात हलकी रेल्वे सुरू झाली. नागरिक निर्णय फिरवू शकतात, हे आधी दिसले. मग त्यांना शिकविणे प्रशासनालाही हिताचे वाटले.

इतके दूरही जावयास नको. केरळने १९९६ मध्ये लोकयोजना मोहीम हाती घेतली, तेव्हा योजनेच्या निधीचा तिसऱ्या हिश्श्याहून अधिक वाटा स्थानिक संस्थांना दिला आणि त्याच वेळी पंचायत सदस्य व कार्यकर्ते यांच्या शिबिरांची साखळी उभारली. पैसा आणि शिक्षण हातात हात घालून गेले, हे त्यातील मर्म. नुसते शिक्षण दिले असते तर ती व्याख्यानमाला ठरली असती.

महाराष्ट्रात असा उपक्रम निघाल्यास धोका नेमका हाच आहे. प्रकल्प ठरल्यानंतर, ज्या संस्थेचा प्रकल्प तिच्याच अधिकाऱ्यांनी, तिच्याच खर्चाने दिलेले ‘प्रशिक्षण’ म्हणजे संमती गोळा करण्याचे सोज्ज्वळ रूप होय. पर्याय खुले असताना शिकविले आणि शिकविणारा प्रकल्पाचा मिंधा नसला, तरच त्याला अर्थ. शिवाय शिकलेल्या माणसाला बसावयास खुर्ची हवी. २०२१ च्या जूनअखेर तेवीस गावे पुणे महापालिकेत आली. त्यांच्या ग्रामपंचायती संपल्या. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपून कारभार प्रशासकाकडे गेला आणि निवडणुका वर्षानुवर्षे लांबल्या. म्हणजे मुंबई-पुण्याच्या धर्तीवर वाढणाऱ्या या गावांना, रस्ते आखले जात असतानाच, ना सरपंच उरला ना नगरसेवक मिळाला. त्याच २०२१ साली महानगर प्रदेशाच्या प्रारूप विकास आराखड्यावर हजारो हरकती दाखल झाल्या, आणि पुढे तो आराखडाच शासनाने रद्द केला. वर्षांचे श्रम, सल्लागारांचे शुल्क आणि लोकांचे हेलपाटे सारे पाण्यात गेले.

या खर्चापुढे पुढाऱ्यांच्या वर्गाचा खर्च किरकोळ आहे. आराखड्याच्या अंदाजपत्रकात सर्वेक्षणाचे व नकाशांचे पैसे धरतात, तसेच शिक्षणाचेही धरावेत. ते काम प्राधिकरणाने स्वतःकडे न ठेवता महाविद्यालयांकडे सोपवावे. अध्यापक त्यास अपात्र नाहीत. धनंजयराव गाडगीळ आणि ल. वि. गोगटे यांनी मुंबई इलाख्यातील सहा जिल्ह्यांच्या मोटारबस वाहतुकीची पाहणी पुण्याच्या गोखले संस्थेतर्फे १९३५ मध्येच प्रसिद्ध केली होती. प्रवासी बसगाड्यांकडे गंभीर अर्थशास्त्राचा विषय म्हणून पाहावे, असे त्या काळी येथल्या अध्यापकांना वाटले. आज त्याच जिल्ह्यांतील महाविद्यालयांत अर्थशास्त्र शिकणारे विद्यार्थी रोज बसने येतात आणि थांब्यावर किती वेळ उभे राहतात हे घड्याळावर मोजू शकतात. त्यांच्या नोंदी घेऊन गावचा सरपंच एका संध्याकाळी वर्गात बसला, तर पहिला पाठ तेथूनच सुरू होऊ शकतो.