घर बदला, पण आठवणी पुसू नका

गेल्या महिन्यात आमच्या घरच्या कॉम्प्युटरवर ‘सी ड्राइव्ह’ भरल्याची सूचना येऊ लागली. मुलगा म्हणाला, “जुने फोटो डिलीट करू या.” आम्ही त्याचा हात धरला. मरहूम अब्बांच्या शेवटच्या ईदचे फोटो त्यातच होते. शेजारचा ‘डी ड्राइव्ह’ मात्र जवळजवळ रिकामा!

घाई न करता आम्ही आधी सगळ्या फोटोंची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेतली. मग ‘डी’वर नवा फोल्डर तयार केला. विंडोजमधल्या ‘पिक्चर्स’ फोल्डरवर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’, तिथे ‘लोकेशन’ आणि मग ‘मूव्ह’ निवडले. नवा फोल्डर दाखवून ‘अप्लाय’ केले. जुन्या फाइल्सही हलवायच्या का, या प्रश्नाला ‘येस’ म्हटले. ‘डॉक्युमेंट्स’चेही असेच केले. आता नवे फोटोही आपोआप ‘डी’वरच जातात.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. हलवताना अख्खा ड्राइव्ह निवडू नका, त्यातला वेगळा फोल्डरच निवडा. ‘विंडोज’ आणि ‘प्रोग्राम फाइल्स’ या फोल्डरना हात लावू नका.

काम झाल्यावर मुलगा म्हणाला, “आता बाहेरची प्रत कशाला?” आमच्या कॉम्प्युटरमध्ये ‘सी’ आणि ‘डी’ म्हणजे एकाच डिस्कच्या दोन खोल्या. घरच कोसळले तर दोन्ही खोल्या जातील, हे त्याला समजावले. ती हार्ड डिस्क आम्ही आपांच्या घरी ठेवायला दिली. अब्बा त्यांचेही होते.