वही आधी, गाळा नंतर

गेल्या पौर्णिमेला मांजरीच्या विहारात वंदना संपली, मुले खीर खाऊन बाहेर पळाली आणि सतरंज्या गोळा करता करता एक भगिनी माझ्याजवळ येऊन थांबल्या. हडपसरकडच्या एका कंपनीत त्या पॅकिंगला जातात, कंत्राटावर. मालक रिक्षा चालवतात. "दादा, तुम्ही हिशेबातले आहात म्हणून विचारते," असे म्हणत त्यांनी पिशवीतून वस्तू काढून माझ्यापुढे ठेवल्या. जुन्या साडीच्या काठांची पर्स, चिंध्यांची बाहुली, बाळाची गोधडी. हात खरोखर सुबक.

"मार्चला कंत्राट संपतंय. पुढं घेतील का नाही, माहीत नाही. गटातून पन्नास हजार मिळतायत. दोन मशीन घ्यायच्या आणि रोडला गाळा भाड्यानं घ्यायचा म्हणते. घेऊ का?"

मी लगेच उत्तर दिले नाही. आपल्या घरांत धंदा हा शब्द निघाला की म्हातारी माणसे घाबरतात, आणि ती भीती खोटी नसते. ज्याच्या मागे जमीन आहे, चुलत्याचे दुकान आहे, त्याचा धंदा बुडाला तर भांडवल बुडते. आपला बुडाला तर मुलांची फी बुडते. म्हणून "ताई, हिंमत करा" एवढे भाषण ठोकून मला मोकळे होता येईना. त्याऐवजी मी त्यांना आमचीच फजिती सांगितली.

२०१२ साली मी आणि आमच्या सौभाग्यवतींनी घरात स्क्रीन प्रिंटिंग सुरू केले. मी दिवसभर कारकुनी करायचो, संध्याकाळी दोघे मिळून छपाई. पहिल्याच झपाट्यात २०१३ सालच्या ५०० दिनदर्शिका काढल्या. बुद्धांचे चित्र इतके छान उतरले होते की ज्याने त्याने हातात घेऊन वाहवा केली. कागद, शाई, बांधणी मिळून एका दिनदर्शिकेला २२ रुपये पडले, म्हणजे ११,००० रुपये. विकायची ३५ ला. खपल्या ३४०. त्यांतल्या ६० उधारीवर गेल्या, "देतो की, घरचेच आहात" म्हणून. ते २,१०० रुपये आजतागायत यायचे आहेत. हाती आले ९,८००. म्हणजे रोख १,२०० चा खड्डा, आणि दोघांचे दोन महिन्यांचे जागरण वेगळे. उरलेल्या १६० दिनदर्शिका जानेवारी सरल्यावर रद्दीत घातल्या. बुद्धांचे चित्र रद्दीत कसे द्यायचे म्हणून सौभाग्यवती रात्रभर एकेक चित्र कापत बसल्या होत्या. तो आवाज अजून कानात आहे.

वाहवा म्हणजे मागणी नव्हे, हा पहिला धडा. आणि ज्या मालावर तारीख छापलेली असते तो माल भाजीसारखा असतो, हा दुसरा.

पुढे आम्ही कापडी पिशव्यांवर पिंपळपान छापू लागलो. पिशवीला तारीख नसते, आज नाही तर सहा महिन्यांनी खपते. ६० रुपयांना विकायचो. कापड २८, छपाई ६, नाडी-दोरा ४, असे ३८ रुपये जाऊन २२ सुटतात म्हणून मी खूश. एके दिवशी सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, माझी शिलाई कुठंय यात?" मी बी.कॉम. शिकलेला माणूस, गप्प बसलो. तेवढ्याच वेळात त्या बाहेरचे काम शिवून २५ रुपये मिळवत होत्या. वीज आणि येण्याजाण्याचे ५ धरले तर पिशवी ६८ ला पडत होती. आम्ही प्रत्येक पिशवीमागे ८ रुपये पदरचे घालत होतो, आणि ते जात होते बायकोच्या मजुरीतून. भाव ९० केला. काही गिऱ्हाईक तुटले, काही टिकले. २०१८ साली राज्यात प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आली तेव्हा आमच्या हाताशी नमुना तयार होता, म्हणून शिकवणी वर्गांची आणि लग्नघरांची कामे मिळाली. बंदी येणार हे आम्हाला कुठे ठाऊक होते? पण तोवर आम्ही टिकून होतो, एवढे खरे.

असा हिशेब मांडताना मला नेहमी बाबासाहेब आठवतात. त्यांनीही धंद्यात हात पोळून घेतले होते, हे आपल्यातल्या थोड्यांना ठाऊक असते. १९१७ साली बडोद्याची नोकरी सोडून ते मुंबईस आले तेव्हा पोटासाठी त्यांनी शिकवण्या केल्या आणि शेअर बाजारातल्या व्यापाऱ्यांना सल्ला देणारी पेढी काढली. कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकून आलेला माणूस, ज्ञानात काय कमी होते? पण सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळले आणि गिऱ्हाईक येईनासे झाले. पेढी बंद करावी लागली. आपल्या माणसाच्या धंद्यात बाजाराच्या चढउताराबरोबर हीही एक अनिश्चितता असते, आणि ती कुठल्याही वहीत लिहिता येत नाही.

तरी ते थांबले नाहीत. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाले. राजर्षी शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले. 'केसरी'ने पैसे घेऊनसुद्धा जाहिरात छापायला नकार दिला. त्या वेळी बाबासाहेब सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होते, म्हणजे घराची चूल पत्रावर पेटत नव्हती. ते लंडनला गेले आणि १९२३ मध्ये पत्र बंद पडले. ३ एप्रिल १९२७ ला 'बहिष्कृत भारत' काढले. चोवीस चोवीस रकाने एकट्याने लिहिले. पत्राचे देणे वाचकांनीही आपले मानावे, असे अंकात स्पष्ट मांडायला ते लाजले नाहीत. तेही नोव्हेंबर १९२९ मध्ये थांबले. मग २४ नोव्हेंबर १९३० ला 'जनता' आले. ते टिकले, आणि १९५६ साली त्याचेच 'प्रबुद्ध भारत' झाले. भारत भूषण छापखानाही आपला उभा राहिला.

पत्र हा त्यांचा धंदा नव्हता, ती चळवळ होती. पण कागद, शाई आणि टपालाचा खर्च चळवळीलाही सवलत देत नाही. मला यातून एवढेच दिसते की एक पत्र बंद पडले म्हणून सगळे संपले असे झाले नाही, कारण सगळे एकाच डावावर लावलेले नव्हते.

ताईंना मी हेच सांगितले. गाळा आत्ता नको. माल खपो न खपो, भाडे एक तारखेला उभे राहते. मशीन घ्या, पण एक, आणि जमल्यास वापरलेली. कंत्राट आहे तोवर नोकरी सोडू नका. पन्नास हजार मिळतात म्हणून पन्नास हजार उचलू नका. किती बुडाले तर घर हलणार नाही, तो आकडा आधी नवरा-बायकोने बसून ठरवा आणि त्याच्या आत राहा. बाहुलीला किती तास लागले ते लिहा आणि त्या तासांची मजुरी भावात धरा. घरचे पैसे एका डब्यात, धंद्याचे दुसऱ्यात. नातलगाला वस्तू भेट द्यायची तर खुशाल द्या, पण वहीत भेट म्हणून लिहा. उधारी मात्र नको.

सरकारी वाटाही पाहून ठेवा. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेच्या १८ कारागिरांत शिंपी, चर्मकार, बाहुल्या-खेळणी करणारे असे सगळे आहेत. त्यात प्रशिक्षण आहे, अवजारांसाठी १५,००० रुपये आहेत आणि ५ टक्के व्याजाने पहिले कर्ज एक लाखापर्यंत आहे. आपले महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ १९७८ पासून आहे. उद्योगाची 'उद्यम' नोंदणी फुकट होते. त्यासाठी कोणी हजार-दोन हजार मागितले तर देऊ नका.

ताईंनी सगळे ऐकून घेतले. मग म्हणाल्या, "आणि एवढं करून नाहीच चाललं तर?"

"तर वहीत दिसेल," मी म्हणालो, "का चाललं नाही ते. आमच्या पहिल्या वर्षी वहीच नव्हती, म्हणून दुसऱ्या वर्षीही तीच चूक केली."

परवा त्या पुन्हा भेटल्या. सोळा हजारांची एक जुनी मोटार मशीन आणली आहे. गटातून वीसच हजार उचलले. धंदा चालेल की नाही, हे त्यांना ठाऊक नाही, मलाही नाही. पण पिशवीतून त्यांनी शंभर पानी वही काढून दाखवली. पहिल्या पानावर मुलीच्या अक्षरात लिहिले होते : बाहुली एक, वेळ तीन तास, आईची मजुरी...

पुढचा आकडा अजून घालायचा होता. मायलेकींत त्यावर वाद चालू आहे म्हणे. मुलगी जास्त सांगते. मला वाटते, मुलीचेच बरोबर असावे.