‘पूर्णपणे सहमत’च्या विरोधात

तुमच्या व्हॉट्सअ‍ॅपवर हा मेसेज कधी ना कधी आलाच असेल: ‘एमबीएच्या प्रोजेक्टसाठी सर्व्हे करतेय, दोन मिनिटं लागतील, प्लीज भरा.’ लिंक उघडली की गूगल फॉर्म. ‘यूपीआयमुळे माझी कामं लवकर होतात.’ ‘यूपीआय वापरायला सोपं आहे.’ प्रत्येक विधानापुढे पाच गोल, ‘पूर्णपणे असहमत’पासून ‘पूर्णपणे सहमत’पर्यंत. आपण चौथ्या-पाचव्या गोलावर टिचक्या मारत खाली जातो आणि सबमिट करून मोकळे होतो. यूपीआयच्या जागी कधी ऑनलाइन शिक्षण असतं, कधी टेलिमेडिसिन, कधी चॅटजीपीटी. विधानं बहुतेक तीच.

ही विधानं आली कुठून, ते आधी सांगते. माझं भांडण तिथूनच सुरू होतं.

१९८९ साली फ्रेड डेव्हिस या अमेरिकन संशोधकाचा एक लेख ‘एमआयएस क्वार्टर्ली’ या नियतकालिकात आला. कंपन्या संगणकांवर पैसा ओतत होत्या आणि माणसं ते वापरायला तयार नव्हती, हा तेव्हाचा प्रश्न. डेव्हिसचं म्हणणं असं, की माणूस दोन गोष्टी बघतो: हे माझ्या उपयोगाचं आहे का, आणि हे वापरायला सोपं आहे का. दोन्ही मोजायला त्याने प्रत्येकी सहा विधानं निश्चित केली. ती १५२ जणांवर तपासली: ११२ जण आयबीएमच्या टोरांटोतल्या प्रयोगशाळेतले, ४० जण बॉस्टनमधले एमबीएचे विद्यार्थी. साधन किती वापरता, हेही त्यांनाच विचारलं. हेच ‘टेक्नॉलॉजी अ‍ॅक्सेप्टन्स मॉडेल’, म्हणजे टॅम.

काम नेटकं होतं, आणि त्या काळी गरजेचंही. पण पुढे जे झालं ते अजब आहे. गूगल स्कॉलरवर या एका लेखाच्या संदर्भांनी पन्नास हजारांचा आकडा केव्हाच ओलांडला. २००० मध्ये व्यंकटेश आणि डेव्हिस यांनी टॅमची दुसरी आवृत्ती आणली. २००३ मध्ये व्यंकटेश आणि सहकाऱ्यांनी आठ मॉडेलं एकत्र करून ‘यूटॉट’ हे नवं मॉडेल मांडलं. तेही हजारोंनी वापरलं. विद्यापीठांच्या भाषेत याला ‘इम्पॅक्ट’ म्हणतात.

माझा आक्षेप या शब्दाला आहे. टॅम एवढं का पसरलं, याचं उत्तर टॅमच देतं. संशोधकाला ते उपयोगाचं आहे, कारण पेपर छापून येतो. वापरायला सोपं आहे, कारण विधानं तयार आहेत. फक्त तंत्रज्ञानाचं नाव बदलायचं. म्हणजे संदर्भांचा डोंगर काय मोजतो? एखादं काम पुन्हा करणं किती सोपं आहे, ते. त्याने कुणाचं आयुष्य किती बदललं, हे त्या आकड्यात कुठेच नाही.

हे मी एकटी म्हणत नाही. रिचर्ड बगोझी १९८९ मध्ये डेव्हिससोबत याच विषयावर लिहीत होते. २००७ मध्ये त्यांनीच या मॉडेलच्या मर्यादांवर सडकून लिहिलं. त्याच वर्षी बेनबसॅट आणि बार्की यांनी म्हटलं, की टॅमने संशोधकांचं लक्ष महत्त्वाच्या गोष्टींवरून दुसरीकडे वळवलं. एखादी गोष्ट उपयुक्त वाटते, एवढंच आपण पुन्हा पुन्हा सिद्ध करतो. ती कशामुळे उपयुक्त ठरते, हे मात्र डब्यात बंद राहतं. त्यानंतरही गूगल फॉर्म थांबले नाहीत.

पण माझा खरा राग वेगळ्याच ठिकाणी आहे. ‘स्वीकार’ या शब्दात नकाराची शक्यता गृहीत असते. आपल्याकडे तंत्रज्ञान अनेकदा जीआर काढून येतं. रोजगार हमीच्या कामावर मजुरांची हजेरी अ‍ॅपमधल्या फोटोंनी घेणं जानेवारी २०२३पासून सक्तीचं झालं. तिथल्या बाईला ‘हे अ‍ॅप सोपं आहे, सहमत?’ असं विचारून काय कळणार? फोटो अपलोड झाला नाही, तर मजुरी अडकणार.

यावर अभ्यासू मंडळी म्हणतील, यूटॉटमध्ये ऐच्छिकतेचा विचार आहे. आहे ना. वय, लिंग आणि अनुभव यांच्या पंगतीत बसवलेला एक घटक म्हणून. ज्याच्यावर सगळं अवलंबून आहे, तो प्रश्न समीकरणाच्या कोपऱ्यात.

२०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल सरकारलाच परत केले. फोन हँग होत होते, मेमरी पुरत नव्हती आणि ‘पोषण ट्रॅकर’ अ‍ॅपमध्ये मराठी नव्हती. तंत्रज्ञानाच्या स्वीकाराविषयी मला माहीत असलेलं हे सर्वांत स्पष्ट विधान आहे. पाच गोलांत ते मावत नाही. फॉर्म भरून घेतला असता, तर या बायका ‘असहमत’ गटात जमा झाल्या असत्या आणि पेपरच्या शेवटी ‘प्रशिक्षण वाढवावे’ अशी शिफारस आली असती. दोष फोनचा, खापर बाईवर.

यात डेव्हिसला दोष देण्यात अर्थ नाही. त्याने त्याच्यापुढचा प्रश्न सोडवला. दोष आपला, म्हणजे टोरांटोच्या प्रयोगशाळेसाठी शिवलेला अंगरखा अंगणवाडीला घालून ‘बसतोय की’ म्हणणाऱ्यांचा. आणि त्या अंगरख्यांची संख्या मोजून बढत्या देणाऱ्यांचा.

या वर्षी तुमचा प्रोजेक्ट असेल, तर फॉर्म पाठवण्याआधी त्यात तीन प्रश्न घाला. हे वापरायला नकार दिला तर तुमचं काय होईल? बिघडलं तर तक्रार कुणाकडे करता? शेवटची तक्रार केली, त्यानंतर काय बदललं? उत्तरांसाठी गोल देऊ नका, मोकळी जागा ठेवा. सरासरी काढता येणार नाही, आलेख सुबक दिसणार नाही, गाइड कदाचित कुरकुरतील. पण तुमचं लिखाण वाचून एखाद्या अ‍ॅपमध्ये मराठी आली, एकीची अडकलेली मजुरी सुटली, तर त्याला मी इम्पॅक्ट म्हणेन. मग त्याला संदर्भ शून्य का असेनात.