राबलेल्या हातांना खेळणे नको, काम द्या

वस्तीतल्या विहारात रोज दुपारी ज्येष्ठांना तीन तास बसायची सोय करायची, असे ठरले आणि पहिल्याच दिवशी आमच्या हातून चूक झाली. आम्ही लहान मुलांची चित्रे रंगवायची पुस्तके आणि खडू आणून ठेवले. सत्तरी ओलांडलेल्या एका आजींनी पुस्तक उघडले, त्यातला ससा पाहिला आणि मिटून बाजूला ठेवले. "पोरी, चाळीस वर्षं बिगारी काम केलं मी. किती इमारतींची वाळू डोक्यावरनं वाहिली त्याची मोजदाद नाय. आता ससा रंगवू व्हय?"

आमच्याजवळ उत्तर नव्हते. आम्ही बहुतेकजणी नर्सिंग शिकलेल्या. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला कुशीवर कसे वळवायचे हे आम्हाला येत होते. जन्मभर कष्ट केलेल्या माणसापुढे काय ठेवायचे, हे आजींनी शिकवले. दुसऱ्या दिवशी त्या घरूनच जुन्या लुगड्याचे तुकडे आणि सुई घेऊन आल्या. आठवडाभरात सहाजणी त्यांच्याभोवती बसून गोधडीला धावदोरा घालू लागल्या.

म्हणून आमचे स्पष्ट मत आहे की दिवसभराच्या केंद्रात ज्येष्ठांना हातकाम जरूर द्यावे, पण ते कुणाच्या तरी उपयोगाचे असावे, त्यांनी स्वतः निवडलेले असावे आणि त्यात त्यांचा मान राहावा. एवढे नसेल तर तो फक्त वेळ घालवायचा उद्योग होतो आणि म्हाताऱ्या माणसाला ते लगेच कळते.

हातकामाने आजार बरे होतात, असे आम्ही सांगणार नाही. विसरण्याचा आजार त्याने जात नाही, संधिवातही जात नाही. पण बोटे हलती राहतात. शर्टाचे बटण लावणे, गोळीचे पाकीट फोडणे, भाकरीचा तुकडा मोडणे ही रोजची कामे स्वतःची स्वतः करता येण्याचे दिवस लांबतात. आणि दिवसभर भिंतीकडे पाहत एकटे बसलेले माणूस चार माणसांत येऊन बोलू लागते. नर्स म्हणून आम्ही एकटेपणाने जेवण सोडलेली माणसे पाहिली आहेत. याला किरकोळ गोष्ट म्हणू नये.

काय करता येईल ते सांगतो. सामान सगळे घरातलेच आहे.

पहिले काम गोधडीचे. एकेकाला हातभर चौकोन द्या, नंतर सगळे जोडा. मोठ्या नेढ्याची सुई घ्या आणि नातवंडांकडून दहा सुया आधीच ओवून ठेवा. बसण्याची जागा खिडकीजवळ हवी. ज्यांचा मधुमेह जुना आहे त्यांची बोटे बधिर असू शकतात, सुई टोचलेली कळत नाही. त्यांची बोटे उठताना पाहून घ्या. एकाची सुई दुसऱ्याला देऊ नका. ऑपरेशन थिएटरमध्ये मोजतात तशा सुया सुरुवातीला आणि शेवटी मोजा.

दुसरे काम वेणीचे. जुन्या साडीच्या तीन पट्ट्या फाडायच्या, वेणी घालायची, ती गोल गुंडाळत दोऱ्याने टाचायची. बसायला छान बसकर होते. हात थरथरणाऱ्यांना आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असणाऱ्यांना सुईपेक्षा वेणी बरी. टाचण्याचे काम दुसऱ्याने करावे. मात्र त्याचे पायपुसणे करून मोरीच्या दाराशी टाकू नका. ते सरकते, आणि खुब्याचे हाड मोडलेले म्हातारे माणूस पुन्हा उभे करणे किती कठीण असते ते आम्ही वॉर्डात पाहिले आहे.

तिसरे काम पताकांचे. बुद्ध पौर्णिमेला आणि 14 एप्रिलला आपण बाजारातून प्लॅस्टिकच्या पताका आणतो. निळा, पिवळा, लाल, पांढरा, केशरी असे पाच रंगांचे कागद घ्या. घडी घालून नखाने दाबली की कागद कात्रीशिवाय सरळ फाटतो. दोन चमचे मैदा एक कप पाण्यात कालवून मंद आचेवर हलवत राहिले की चिकट खळ होते. खळीत मोरचूद घालायची जुनी सवय आहे, ती सोडा. मोरचूद विषारी असते. लकव्याने एक हात कमजोर झालेल्या माणसाला पताकांच्या कामात जरूर घ्या. कमजोर हाताने कागद दाबून धरायचा, चांगल्या हाताने खळ लावायची. त्या हातालाही काही काम आहे, हे त्याला कळले पाहिजे.

ज्यांना फारसे आठवत नाही, त्यांना कापडाचे तुकडे रंगाप्रमाणे वेगळे करायला द्या. मणी आणि बटणे मात्र देऊ नका, ती तोंडात घातली जाण्याचा धोका असतो. कुणालाही वीस मिनिटांपेक्षा जास्त एकसारखे काम नको. मधे उठायचे, पाणी प्यायचे, बोटे उघडझाप करायची.

पुरुष मंडळी सुरुवातीला येत नव्हती. "ही बायकांची कामं," म्हणायची. मग गिरणीत रिंग खात्यात नोकरी केलेले एक आजोबा आले आणि तुटलेल्या दोऱ्याला दोन बोटांत अशी गाठ मारली की आम्ही पाहतच राहिलो. त्यांनी सांगितले, त्यांचे वडीलही गिरणीत होते, पण विणाई खात्यात त्यांना कधी घेतले नाही. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागतो, म्हणून आपल्या लोकांना तिथे मज्जाव होता. 1928 च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हाच प्रश्न उभा केला होता. आजोबा हे सांगत होते आणि हातातली गोधडीची गाठ पक्की करत होते. आता दर मंगळवारी ते बायकांना गाठ शिकवतात. दोऱ्याला बाई-पुरुष कळत नाही, हे ते स्वतःच सांगतात.

आणखी एक गोष्ट. मध्यंतरी एक ठेकेदार आला. मण्यांच्या माळा ओवून द्या, डझनावर पैसे देतो म्हणाला. आमच्यात वाद झाला. काहीजणींचे म्हणणे, घरात औषधाला पैसे नाहीत, नाही का म्हणायचे? त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. तरी आम्ही नकार दिला. कारण डझनाचा हिशेब आला की वीस मिनिटांची विश्रांती जाते, डोळे आणि कंबर जाते, आणि ज्याचे हात हळू चालतात तो कोपऱ्यात पडतो. ज्यांच्यावर आयुष्यभर दुसऱ्याने काम लादले, त्यांच्यावर म्हातारपणी पुन्हा कोटा लादायचा नाही. गोधडी विकली गेली तर पैसे शिवणारीच्या हातात जातात, आणि शिवायची नसेल तर नुसते गप्पा मारत बसायलाही मोकळीक आहे.

आता समितीच्या कार्यकर्त्यांना विनंती. हॉल आपल्याकडे आहे, तो दुपारी बंद असतो. कुलूप काढा. सतरंजीबरोबर पाठ टेकता येईल अशा खुर्च्या ठेवा, गुडघे धरलेल्यांना खाली बसवत नाही. आणि शौचालयाची सोय आधी करा. ती नसेल तर आपल्या आया पाणीच पीत नाहीत आणि मग लघवीच्या जळजळीची तक्रार घेऊन आमच्याकडे येतात. वृद्धांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम 2010-11 पासून आहे. आपल्या विभागातल्या आरोग्य केंद्रात जाऊन त्याखाली इथे काय मिळते, हे चारजणांनी मिळून विचारा. ज्येष्ठांसाठी 14567 हा मोफत मदत क्रमांकही भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.

घरच्यांनाही एक सांगणे. आई विहारातून काही करून आणेल. "कशाला हा पसारा?" म्हणू नका. ते वापरा. ससा मिटून ठेवणाऱ्या त्या आजींची पहिली गोधडी आज त्यांच्या पणतीच्या अंगावर आहे. पणती झोपली की आजी येणाऱ्या-जाणाऱ्याला टाके दाखवतात. काही टाके वाकडे आहेत. ते उसवायचे नाहीत, अशी त्यांची सक्त ताकीद आहे.