धुराड्याची काजळी कोण काढणार?



पावसाळ्याआधी घरोघरी जळण भरण्याची घाई असते. जळणासोबत चुलीकडेही एकदा पाहा. २०१६ सालच्या उज्ज्वला योजनेनंतर पुष्कळ घरी गॅस आला हे खरे. पण आंघोळीचे पाणी, भाकरी आणि गाईचे आंबोण अजून बऱ्याच ठिकाणी चुलीवरच होते. तेव्हा चूल नीट हवी.

१९९८ साली मी नोकरीत नवा होतो. सुधारित चुलींचा सरकारी कार्यक्रम तेव्हा चालू होता. पुढे २००२ साली तो थांबला. एका गावी मी बसवलेल्या चुली मोजायला गेलो. वहीत सगळ्या 'चालू' होत्या. एका आजीबाईंनी मला चुलीपाशी बसवले आणि जाळ केला. धूर धुराड्यात जाण्याऐवजी थेट माझ्या तोंडावर! मी डोळे चोळत बाहेर आलो. आजी म्हणाल्या, "साहेब, आमी हे रोज गिळतो. बसवून गेले, पण साफ कशी करायची ते कुणी सांगितलं न्हाई." गज घालून पाहिले, तर पाइपात काजळीचे बूच बसलेले. ते सांगणे माझ्याच खात्याचे काम होते. म्हणून आज सांगतो, उशिरा का होईना.

नवी चूल घालताना आधी आपला तवा आणि रोजची भगुली मापाला घ्या. भांडे चुलीवर घट्ट बसले पाहिजे. फट राहिली की तेथून धूर निघतो. वैलावर काही शिजत नसेल, तर पाण्याचे भांडे ठेवा, वैल उघडा सोडू नका. जळण काय, तेही पाहा. पऱ्हाट्या-तुराट्यांना लहान तोंड पुरते. गोवऱ्या जाळत असाल, तर खाली जाळी हवी, म्हणजे हवा लागते. मोठे ओंडके बसेनात म्हणून चुलीचे तोंड फोडणाऱ्या घरांत मी बसलो आहे. त्यापेक्षा कुऱ्हाड घ्या, लाकूड फोडा. तोंड मोठे झाले की गार हवा आत शिरते आणि जळण जास्त लागते.

धुराडे सरळ आणि आढ्याच्या वर हातभर असावे, नाही तर वारा धूर परत खाली लोटतो. वर टोपी हवी. गवती छपरातून पाइप जात असेल, तर भोवती वीतभर जागा सोडून पत्रा लावा. जुन्या चुलींना ॲस्बेस्टॉसचे पाइप असत. त्याची भुकटी फुप्फुसाला घातक, तो कापू-घासू नका. बदलून पत्र्याचा घ्या.

आता मुख्य काम. महिन्यातून एकदा, चूल पूर्ण थंड असताना, दोरीला गोणपाटाचा बोळा बांधून तो धुराड्यात वरून खाली ओढायचा. नाकाला फडके बांधा. जळण ओले असेल, तर काजळी चिकट होते. मग पंधरा दिवसांनी. साचलेली काजळी पेटतेसुद्धा, आणि गवताच्या घरात ते परवडत नाही. छपरावर चढायचे हे काम कारभाऱ्याचे बरे का, दादा! धूर गिळायचा वहिनींनी आणि काजळीही त्यांनीच काढायची, हे काही बरोबर नाही.

साफ झाले का, हे पाहायचे तर चुलीच्या तोंडाशी पेटती काडी धरा. ज्योत आत ओढली गेली पाहिजे. तडे गेले असतील, तर माती, शेण आणि भुसा कालवून लिंपा. नवी चूल सावलीत वाळू द्या आणि पहिल्या दिवशी मंद जाळच करा, नाही तर ती तडकते.