पुरावा मागणाऱ्यांनो

नाशिकचा इतिहास जमवायचाय म्हणे. जुने फोटो आणा, दस्त आणा, सनदा आणा, वाड्यांचे नकाशे आणा. असा सांगावा आला म्हणून पाळी सुटल्यावर मीही गेलो. माझ्याकडं सनद नव्हती. आजी होती. तिला घेऊन गेलो.

आजीनं सासूचं सांगितलं. 1930 साली काळारामाच्या दारात पोर कडेवर घेऊन बसली होती. लिहिणाऱ्यानं पेन खाली ठेवला. म्हणाला, 'आजी, काही पुरावा?'

आजी म्हणाली, 'बाबा, आमाला आत घेतलंच नाय, तं पावती कोन देईल?'

त्यानं वही मिटली. माझं डोकं तिथंच फिरलं.

दोस्तहो, यांचा पुरावा बघा. काळाराम मंदिराला बारा वर्षं लागली, रोज दोन हजार माणूस राबला, तेवीस लाख खर्च आला, असं छापून येतं. बांधून घेणाऱ्या सरदार ओढेकरांचं नाव आहे. त्या दोन हजारांतलं एक तरी नाव सांगा. दगड कुणी फोडला? कुणी वाहिला? पंचवटीत तीर्थोपाध्यायांच्या वह्या आहेत. कुणाचा आजा कधी गंगेवर आला ते पिढ्यान्‌पिढ्या लिहून ठेवलंय. ज्याला रामकुंडाचं पाणी बंद, त्याचं नाव त्या वहीत कोण घालणार होतं?

आता आमचा हिशेब. 2 मार्च 1930. मैलभर लांब मिरवणूक देवळाकडं गेली. दरवाजे बंद. दुसऱ्या दिवशी चारी दारांवर पहिली तुकडी बसली, 125 पुरुष, 25 बाया. 9 एप्रिलला रामनवमीचा रथ आणि आमच्या माणसांवर दगड. मग 13 ऑक्टोबर 1935 ला येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं सांगितलं. बाबासाहेब, दादासाहेब गायकवाड, अमृतराव रणखांबे ही नावं राहिली. राहायलाच पाहिजेत. पण त्या 25 बाया कोण? कुठल्या गावच्या? भाकरी कुणी बांधून दिली? घरी परतल्यावर गावानं काय केलं?

आणि गड्यांनो, शिव्या फक्त त्यांनाच देऊन भागायचं नाही. दर 2 मार्चला आपण हार घालतो, भाषणं ठोकतो, घरी जातो. घरात पत्र्याच्या पेटीत जुनी पत्रकं, गाण्यांच्या वह्या. पोरगा नवं कपाट आणतो, पेटी रद्दीत जाते. किलोच्या भावानं आपण आपलाच बाप विकलाय. वामनदादा कर्डक याच जिल्ह्यातले, सिन्नरच्या देशवंडीचे. त्यांची गाणी तोंडातोंडी जगली. तुमच्या वस्तीतल्या म्हाताऱ्यानं रचलेलं गाणं कुणी उतरून घेतलं?

हे जमत नाही असं सांगू नका. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून या दोघी बायांच्या दारोदार गेल्या, त्यांचं बोलणं लिहून घेतलं. 1989 साली 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक निघालं. त्यांनी कुणाकडं ताम्रपट मागितला नाही.

1930 ची माणसं आता गेली. त्यांच्याकडून ऐकलेल्या सुना-लेकी उरल्यात, त्याही थकल्या. म्हणून काम सांगतो. खिशात मोबाईल हाय, त्यात म्हातारीचा आवाज भरा. कोण सांगतंय, कुणाकडून ऐकलं, कुठलं गाव, तारीख, सगळं लिहा. तिची बोली 'सुधारू' नका. ती 'व्हतं' म्हणाली तर 'व्हतं'च लिहा. दोन जणी दोन तऱ्हेनं सांगतील, दोन्ही लिहा. लिहिलेलं तिला वाचून दाखवा. कागद तिच्या घरातून उचलू नका, फोटो काढा आणि परत द्या. एक प्रत विहारात ठेवा.

मी वही घातलीय. पहिल्या पानावर आजीची सासू आहे. येत्या 2 मार्चला हाराबरोबर तुमचीही वही आणा. 25 नावं भरेपर्यंत मी दरसाल विचारणार.